टक्का घटला, पण टन?

मंडळी, टक्केवारी शिकवताना मी वर्गात एक प्रश्न हमखास विचारायचे. पगारातला किराण्याचा वाटा निम्म्यावरून एकतृतीयांशावर आला, तर किराण्याचा खर्च कमी झाला का? "हो!" म्हणून हात वर व्हायचे. मग मी म्हणायचे, "आणि मधल्या काळात पगार दुप्पट झाला असेल तर?"

जगातल्या ऊर्जेच्या बातम्या वाचताना हेच गणित डोक्यात येते. ३० सप्टेंबर २०२४ रोजी ब्रिटनने कोळशावर चालणारे आपले शेवटचे वीजकेंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर, बंद केले. लंडनमध्ये १८८२ साली असे पहिले केंद्र सुरू झाले होते. म्हणजे १४२ वर्षांनी पडदा पडला. आनंदच आहे. पण त्याच २०२४ मध्ये साऱ्या जगाने मिळून साडेआठ अब्ज टनांहून अधिक कोळसा वापरला. २००० साली हा आकडा पाच अब्ज टनांच्या आत होता.

चीनचेच पाहा. २०२४ मध्ये सर्वाधिक सौर पॅनेल तिथे बसली आणि जगातला निम्म्याहून अधिक कोळसाही तिथेच खपला. एकूण जगापुरते बोलायचे तर नवी ऊर्जा जुनीला अजून उठवत नाही, तिच्या शेजारी पाट मांडून बसते. तेल आले म्हणून कोळसा गेला नाही, तसेच हे.

जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच लिहून ठेवले होते, की इंजिने काटकसरी झाली म्हणून कोळसा वाचत नाही. काम स्वस्त होते आणि खप वाढतो.

आता आपले. २०२३-२४ मध्ये भारतात माणशी सुमारे १,४०० युनिट वीज लागली. अमेरिकेत ती १२ हजारांच्या वर आहे. ज्या घरात एकच पंखा, त्या घराला काटकसरीचे धडे देणे मला मुळीच पटत नाही. पण "छपरावर सोलर आहे ना!" म्हणत चार खोल्यांत चार एसी चालवणेही पटत नाही. यात आपली मुले-नातवंडे आली, रागावू नका.

सौरऊर्जेचा टक्का वाढल्याची बातमी आली, तर टाळ्या जरूर वाजवाव्यात. पण लगेच विचारावे, कोळसा एकूण किती टन जळला? आणि घरात विचारावे, वर्षाकाठी एकूण युनिटे किती खर्चली?

तुम्हांला काय वाटते, जरूर कळवा.