अंगणाखालचा नळ

गेल्या महिन्यांत आमची नात शाळेंतून आली ती एक शंका घेऊनच. "आजोबा, उच्छ्वास म्हणजे बाहेर सोडलेला श्वास ना? मग पुण्यांत दगडी उच्छ्वास कसे?" शब्दाचा अर्थ आम्ही तत्काळ सांगितला, परंतु त्या प्रश्नानें मनांतील एक जुनी टोचणी जागी झाली. ती आज वाचकांपुढें ठेवितों.

अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रज येथें आंबील ओढ्यावर तलाव बांधविला व तेथून जमिनीखालून दगडी नळ शहरांत आणविला. केवळ उताराच्या बळावर तें पाणी शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतील हौदांपर्यंत पोंचत असे. वारा खेळावा व आंत उतरून गाळ काढतां यावा म्हणून नळावर जागोजागीं दगडी बांधकामें उभारलीं होतीं. तेच हे उच्छ्वास. फडके हौद, बदामी हौद हीं नांवें अजूनहि पुणेकरांच्या तोंडीं आहेत.

आमच्या कुटुंबाचा जुना वाडा मध्यवस्तींत होता. भिंती फुगल्या, तुळयांस वाळवी लागली, तेव्हां सर्वांच्या संमतीनें तो पाडून इमारत बांधण्याचें ठरलें. तिन्ही बिऱ्हाडें भाड्याच्या खोल्यांत गेलीं. पाया खणतां खणतां अंगणाच्या कोपऱ्यांत घडीव दगडांचा, चुन्यांत बांधलेला एक नळ लागला. कंत्राटदार हलक्या आवाजांत म्हणाला, "मास्तर, हें बाहेर समजलें तर काम किती महिने अडेल तें सांगवत नाहीं." आमचे ज्येष्ठ बंधु त्या वेळीं अंथरुणास खिळलेले, डोळे मिटण्यापूर्वीं स्वतःच्या घरांत परत जावें, एवढीच त्यांची इच्छा. आम्ही गप्प राहिलों. तिसऱ्या दिवशीं तेथें काँक्रीट ओतलें गेलें. छत्तीस वर्षें मुलांस इतिहास व संस्कृत शिकविणाऱ्या माणसाची ही कथा आहे!

यांत आमचा दोष आहेच. तो आम्ही झांकीत नाहीं. परंतु आम्हीं मौन कां धरिलें, हेंहि पाहिलें पाहिजे. आम्हांस त्या दगडांचा द्वेष नव्हता. घर अडेल याची भीति होती. हीच भीति आज कसब्यांतील अनेक कुटुंबांस आहे. शनिवारवाडा हें केंद्राच्या संरक्षणाखालील स्मारक. १९५८ च्या कायद्यांत २०१० सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें अशा स्मारकापासून शंभर मीटरांत नवें बांधकाम निषिद्ध आहे. पुढील दोनशें मीटरांत तें परवानगीनेंच करतां येतें. जुन्या घराच्या डागडुजीसहि परवानगी लागते. माळावरील एकाकी देवळाभोंवतीं शंभर मीटर म्हणजे मोकळें रान. कसब्यांत शंभर मीटर म्हणजे कित्येकांचे संसार. कायदा नसता तर वाड्याच्या तटास उंच इमारती भिडल्या असत्या, हें खरें. पण गळक्या छपराखालीं पाऊसकाळ काढणाऱ्या माणसास शेजारच्या स्मारकाचा अभिमान वाटावा कसा?

शिवाय कायद्याची दृष्टि उभ्या भिंतींवर असते. जमिनीच्या पोटांत काय आहे, तें प्रथम दिसतें खणणाऱ्यास व घरमालकास. इ. स. ७५८ व ७६८ च्या राष्ट्रकूट ताम्रपटांत या प्रदेशाचा उल्लेख 'पुण्यविषय' व 'पूनकविषय' असा येतो. इतक्या जुन्या वस्तीखालीं काय काय दडलें असेल! २०१९ सालीं मेट्रोच्या कामांत स्वारगेट येथें भूमिगत जुने मार्ग सांपडले व त्यांची वार्ता गांवभर झाली, कारण तें काम सार्वजनिक होतें. खासगी अंगणांतील वस्तु एका रात्रींत नाहींशी होते.

म्हणून आमच्या मतें तीन गोष्टी व्हाव्यात. खोदकामांत कांहीं सांपडल्याची खबर देणाऱ्याकडे तज्ज्ञांनीं ठराविक दिवसांत यावें, व ते न आल्यास त्याचें काम अडूं नये. वस्तु जागेवर राखल्यामुळें ज्याची जागा जाईल, त्यास योग्य मोबदला मिळावा. आणि प्रत्येक पेठेंतील रहिवाशांनींच आपल्या हौदांची, विहिरींची, आडांची व लेख असलेल्या दगडांची एक वही करावी. पहिल्या दोन गोष्टी सरकारच्या हातच्या. तिसरीस कोणाची परवानगी लागत नाहीं. घरांतील वृद्धांनीं सांगावें, सुनांनीं व मुलांनीं लिहावें. या वारशाचें मोल जाणून तो जतन करणें हें राज्यघटनेनें १९७६ पासून नागरिकाचें कर्तव्यच ठरविलें आहे.

आणि वाचकहो, वाडा पाडणें अटळच झालें, तर पाडण्यापूर्वीं अर्धा दिवस तरी काढा. मापें घ्या, छायाचित्रें काढा, दिनांक घाला.

नातीस अखेर आम्ही सर्व हकीकत सांगितली. ती रागावली नाहीं. कागद व पट्टी घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "सांगा, मी काढतें. नळ रुंद किती होता? कोणत्या दिशेस जात होता?"

दिशा आम्हांस आठवली. माप मात्र सांगतां आलें नाहीं. आम्हीं तें घेतलेंच नव्हतें.