आज सुट्टी का रे?

भर अकरा वाजता सोसायटीच्या जिन्यात मूल दिसलं की शेजारच्या काकू विचारणारच, "काय रे, आज सुट्टी?" घरीच शिकणाऱ्या मुलांना हा प्रश्न तोंडपाठ असतो.

या अंकात अशाच घरांचा दिनक्रम आहे. वेळापत्रक फारसं नाही. डोशासाठी तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीदडाळ भिजवताना कळलेलं गुणोत्तर आहे, वाण्याच्या बिलातली चूक पकडणारी नऊ वर्षांची मुलगी आहे. आणि कंटाळाही आहे, भरपूर. शिवाय कुणाची तरी नोकरी सुटलेली असते. (ती बहुधा आईचीच, हे आम्हाला खटकतं.)

२००९चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेचा हक्क देतो. घरच्या शिक्षणाबद्दल तो गप्प आहे. खरी धावपळ दहावीला. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरायचा तर शाळा सोडल्याचा दाखला मागतात. जो शाळेत गेलाच नाही, त्याने तो आणायचा कुठून? म्हणून बरेच पालक केंद्राच्या मुक्त विद्यालयाकडे, म्हणजे एनआयओएसकडे वळतात. तिथे चौदा पूर्ण लागतात. त्या खटपटीची साद्यंत हकीकत आतल्या पानांत आहे.