ओल्या रानाचे फोटो आणि आपला चातुर्मास



चातुर्मास लागला की आपल्या मंडळात एक विषय हमखास निघतो. मुलं-सुना सुट्टी काढून आंबोलीला, महाबळेश्वरला जातात आणि ओल्या रानाचे फोटो ग्रुपवर टाकतात. निम्म्या जणी म्हणतात, "किती सुंदर!" बाकीच्या म्हणतात, "साधू-साध्वीजी जीवदयेसाठी चार महिने एका गावी थांबतात आणि ही मुलं ऐन पावसात रानात कशाला जातात?"

माझं मत सांगते. फोटो जरूर काढावेत, पण पायवाट सोडू नये.

सामायिक घेताना आपण इरियावहियं म्हणतो. येता-जाता ज्यांना इजा झाली त्यांची त्यात क्षमा मागतो. बी, हिरवळ, दव, मुंग्यांची बिळं, शेवाळ, पाणी, माती, कोळ्याची जाळी. पावसाळी रानात दुसरं असतं तरी काय? ज्या गोष्टींमुळे फोटो देखणा होतो, त्या सगळ्या या यादीत आहेत. शेवाळ तर आपण अनंतकाय मानतो, एका शरीरात अनंत जीव. मग गालिचा समजून त्यावर बसून फोटो कसा काढायचा?

आंबोलीचंच घ्या. तिथे वर्षाला सरासरी ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अंजनीच्या खोडांवर शेवाळ, फांद्यांवर आमरी, त्यात वेली गुंतलेल्या. २००९ मध्ये तिथल्या एका छोट्या बेडकाची नवी जात म्हणून नोंद झाली. आंबोली टोड म्हणतात त्याला. जांभ्या खडकावरच्या उथळ पाण्यात तो अंडी घालतो. आपल्याला ते नुसतं डबकं वाटतं आणि चांगल्या कोनासाठी आपण त्यात पाय टाकतो. मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांवर फेसाचं घरटं करतो आणि पिल्लं तिथून खाली पाण्यात पडतात. "फोटोच्या मध्ये येते" म्हणून तीच फांदी मोडली तर?

गंमत अशी, की या गुंत्याचा चांगला फोटो काठावरूनच येतो. सगळं रान एका फोटोत बसवायला गेलं की नुसता हिरवा गोंधळ दिसतो. एक वाकडं खोड निवडावं, धुकं उतरेपर्यंत थांबावं. धुक्यात मागची झाडं फिकट होतात आणि ते खोड आपोआप उठून दिसतं. ढगाळ उजेड त्यासाठी उत्तम, ऊन पडलं की ओली पानं चमकून पांढरी दिसतात. झाडाखाली उजेड कमी असतो, म्हणून मोबाइल हातात न हलवता कठड्यावर टेकवावा. मऊ सुती रुमालाने काच पुसत राहावी. फ्लॅश लागतच नाही.

रात्री बॅटरी घेऊन बेडूक शोधायला जाण्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. सूर्यास्तानंतर आपण जेवत नाही, कारण अंधारात जीव दिसत नाहीत. ताटातले दिसत नाहीत, तर पायाखालचे कसे दिसतील? बेडूक उचलून छानशा पानावर ठेवणं, त्याच्या डोळ्यांवर झोत मारणं, हा छंद नव्हे, त्रास देणं आहे.

मी कॉमर्सवाली, मला प्रत्येक गोष्टीत जमा-खर्च दिसतो. फोटो आपल्याकडे जमा होतो, खर्च कुणाच्या खात्यावर पडला ते तपासायला हवं.

मुलांना "जाऊ नका" म्हटलं तर ती न सांगता जातील. त्यापेक्षा बटाटा का खात नाही हे जसं समजावलं, तसंच शेवाळावर पाय का द्यायचा नाही हेही सांगू या. आणि पुढच्या वेळी ग्रुपवर फोटो आला, की "किती सुंदर!" लिहिण्याआधी एवढंच विचारा, "बाळा, हा कुठे उभं राहून काढलास?"