पाणीदार

एखादा धिप्पाड व संकटांत न डगमगणारा पुरुष पाहिला म्हणजे आपण सहज म्हणतों, "गडी मोठा पाणीदार आहे !" हाच शब्द आपण तरवारीस लावतों, घोड्यासही लावतों. पण त्यांत हें पाणी कोठून आलें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं.

लोहाराच्या भात्याजवळ घटकाभर उभें राहिलें म्हणजे उलगडा होतो. लालबुंद पोलाद तो पाण्यांत बुडवितो; यासच 'पाणी देणें' म्हणतात. त्यायोगें धार कठीण होते खरी, पण काम तेथेंच सोडलें तर तें पोलाद कांचेसारखें ठिसूळ राहतें. म्हणून जाणता लोहार तें पुनः मंद आंचेवर बेतानें तापवितो. थोडी कठिणता जाते, पण चिवटपणा येतो. अंगची रग हें पहिलें पाणी. मनाचा संयम ही दुसरी आंच. दोन्ही असल्यावांचून कोणास पाणीदार म्हणूं नये, असें आमचें मत आहे.

आमच्या महाड-पोलादपुराकडे या शब्दाचें उदाहरण विचारलें, तर मुलें उमरठ्याच्या तानाजी मालुसऱ्यांचें नांव घेतात. 1670 मध्यें सिंहगडावर देह ठेवणारा तो वीर या मानास सर्वथैव पात्र आहे. परंतु दुसरें उदाहरण महाडच्या भर वस्तींत आहे. 20 मार्च 1927 रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्याले. पुढें मंदिरांत शिरण्याची खोटी आवई उठली व त्या लोकांवर लाठ्यांचा मार झाला. त्यांच्यांत लष्करांतून निवृत्त झालेले कसलेले शिपाई होते. उलटून मारणें त्यांस अवघड नव्हतें. पण डॉ. आंबेडकरांनीं शांत राहण्यास सांगितलें आणि ते हात आवरले गेले. 1937 मध्यें मुंबई उच्च न्यायालयानेंही त्यांच्या बाजूनें निकाल दिला.

कोणी म्हणेल, मार खाऊन स्वस्थ राहणें ही दुर्बळता होय. ज्याच्या मनगटांत बळच नाहीं, त्याच्याविषयीं तें खरें असेल. बळ असून जो तें आवरतो आणि हक्क मात्र सोडीत नाहीं, त्याची गोष्ट निराळी.

मुलाच्या दंडाची बेटकुळी कौतुकानें पाहणाऱ्या आईबापांनीं, खेळांत हरल्यावर तो प्रतिपक्ष्याशीं कसा वागतो, हेंही पाहावें. आणि विद्यार्थिमित्रहो, तालीम अवश्य करा. पण राग आला असतां मूठ उघडी ठेवण्याची तालीमही रोज करा. पाणी तेथेंच जोखलें जातें.