तडीपारची बातमी आपण छापतो, त्याचं गाणं कोण ऐकणार?

वीस वर्षांच्या पत्रकारितेत 'तडीपार' हा शब्द मी किती वेळा टाइप केला असेल, हिशेब नाही. पोलीस ठाण्यातून प्रेसनोट येते. अमुक तमुक, वय 22, राहणार अमुक झोपडपट्टी, महाराष्ट्र पोलीस कायदा कलम 56 अन्वये दोन वर्षांसाठी जिल्ह्यातून हद्दपार. चार ओळींची बातमी, पान तीन, खालचा कोपरा. तो पोरगा दोन वर्षं कुठे राहतो, काय खातो, हे मी एकदाही विचारलेलं नाही.

2020 साली पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतल्या विशीतल्या पोराने आपल्या पहिल्या अल्बमला नाव दिलं, 'तडीपार'. अल्ताफ शेख, म्हणजे एमसी स्टॅन. जो शब्द आपण पोलिसांकडून उचलतो, तो त्याने वस्तीतून उचलला. दोन वर्षांनी, 2022 ला, दुसरा अल्बम आला. त्याचं नाव 'इन्सान'. तडीपार ते इन्सान हे अंतर त्याने दोन वर्षांत कापलं. आपली पानं अजून पहिल्याच शब्दावर अडकलीत.

खरं सांगतो, 12 फेब्रुवारी 2023 ला तो बिग बॉस जिंकला, तोवर मीही त्याचं एक गाणं ऐकलं नव्हतं. मग आपण काय छापलं? 80 हजारांचे बूट, दीड कोटीची चेन, 31 लाख 80 हजारांचं बक्षीस. गाण्यावर किती लिहिलं? शोधून दाखवा.

आणि त्या रात्री आपल्याकडच्या ग्रुपवर काय चाललं होतं, आठवतंय? "मराठी माणूस हरला." अमरावतीचा शिव ठाकरे दुसरा आला, त्याचं वाईट वाटणं समजू शकतो. पण जिंकणारा कुठला होता हो? पुण्यात जन्मला, पुण्यात वाढला. शेंबडा-शेंबडी हे आपल्या आजीच्या तोंडचे शब्द. त्यातली 'शेमडी' याने सलमान खानसमोर नेऊन ठेवली. आडनाव शेख असलं की पुणं लगेच परराज्यात जातं का?

'अरे, ते काय संगीत आहे?' असं म्हणणाऱ्यांनी जरा कामाचा हिशेब बघावा. लहानपणी तो कव्वाली गायचा. पुढे रॅपमध्ये आला तर बीट स्वतःच बनवायला शिकला. 'वाटा'ने नाव झालं, 'खुजा मत'मध्ये त्याने एमिवेला शिंगावर घेतलं. असली भांडणं म्हणजे थिल्लरपणा, असं म्हणणाऱ्यांच्याच गावात जत्रेला कलगी-तुऱ्याचे सामने रात्रभर रंगायचे. शाहीर एकमेकांची अब्रू काढायचे आणि आपले आजोबा माना डोलवायचे.

2021 ला दिल्लीच्या सीधे मौत या जोडीसोबत त्याचं 'नानचाकू' आलं. 'इन्सान'मध्ये रफ्तार त्याच्यासोबत आहे. 2023 ला कश्मीर या अमेरिकी संगीतकाराने भारतीय रॅपर घेऊन 'करम' नावाचा अल्बम केला, त्यातलं स्टॅनचं गाणं आहे 'हाथ वर्ती'. म्हणजे आपलं 'हात वरती'. कॅलिफोर्नियाच्या माणसाच्या अल्बमवर मराठी शब्द चढले. मराठी भाषा दिनाच्या किती भाषणांत हे ऐकलंत?

आता दुसरी बाजू. त्याच्या गाण्यांत शिव्या आहेत. बायकांबद्दल काही ठिकाणी जे बोललंय ते मला पटत नाही, पटणारही नाही. माझी मुलगी नववीत आहे, तिच्यासमोर ती गाणी मी लावत नाही. यावर टीका झालीच पाहिजे, कडक झाली पाहिजे. पण टीका करायलाही आधी ऐकावं लागतं. मार्च 2023 मध्ये इंदूरला काही लोकांनी गोंधळ घालून त्याचा कार्यक्रम बंद पाडला. ही टीका नाही, दादागिरी आहे. शिवीला विरोध म्हणून स्टेजवर चढून शिव्याच द्यायच्या असतील, तर फरक काय राहिला?

हे सगळं आज का लिहितोय? कारण चार वर्षांपूर्वीची माझीच एक बातमी. एसटी स्टँडवर तीन पोरं मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. कुणीतरी फोन केला, पोलीस आले, कलम 110 आणि 117. प्रेसनोट आली, मी हेडिंग दिलं: 'स्टँडवर हुल्लडबाजी, तीन टवाळखोरांवर कारवाई'. पोरं काय शूट करत होती, हे विचारलंच नाही.

मागच्या महिन्यात त्यातला एक चहाच्या टपरीवर भेटला. आता गॅरेजमध्ये कामाला आहे. मला म्हणाला, "काका, बातमी तुम्ही लावली होती ना? गाणं ऐकलं होतं का?" मी नाही म्हणालो. त्याने फोन पुढे केला, काचेला तडा गेलेला. गाणं होतं त्याच्या आईवर. कांद्याच्या चाळीत निवडायला जाते, संध्याकाळी शेवटची एसटी पकडते, म्हणून शूटिंग स्टँडवर. त्यात एक शिवी नव्हती. "आता लिहीत नाही," म्हणाला. "घरचे तुमचं कात्रण दाखवतात."

त्या चहाचे पैसेही त्यानेच दिले. मला घोट गिळवत नव्हता.

माझ्या व्यवसायबंधूंनो, प्रेसनोट जशीच्या तशी लावणं ही पत्रकारिता नाही. मी ते केलंय म्हणूनच बोलतोय. 'टवाळखोर' लिहिण्याआधी एक फोन करा, तीन मिनिटांचं गाणं ऐका.

आणि नगरपरिषदेला जाहीर विनंती: आपलं नाट्यगृह वर्षातले बहुतेक दिवस कुलूपबंद असतं. महिन्यातली एक संध्याकाळ या पोरांना द्या, भाडं न घेता. पहिल्या कार्यक्रमाची बातमी मी करणार, आणि पान तीनच्या कोपऱ्यात नाही.

गावातल्या पोरांनो, गाणी कमेंटमध्ये टाका. सगळी ऐकणार. आवडलं नाही तर तोंडावर सांगेन, पण ऐकल्यावर.