घास मोजणं बंद करा



इंदूरच्या आपल्या मराठी घरांत हळदीकुंकवापासून तेराव्यापर्यंत कुठेही जा, एक वाक्य ऐकू येतंच. "आमचा काही म्हणजे काही खात नाही हो." सांगणारी बहुतेक आजी असते, आणि सांगताना तिची नजर सुनेकडे असते. पोर दीड वर्षाचं, घरभर पळतंय, तिघा मोठ्यांना दमवतंय. काहीच न खाता एवढी ताकद येते कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी डॉक्टर नाही. जन्म बँकेत गेला. पण चुकीच्या वहीत मांडलेला हिशेब कधी जुळत नाही, एवढं कळतं. जन्मताना तीन किलोचं बाळ वर्षाचं होईतो साधारण नऊ किलोचं होतं. म्हणजे बारा महिन्यांत सहा किलो. पुढच्या अख्ख्या वर्षात ते वाढतं जेमतेम दोन-अडीच किलो. वाढच मंदावली तर भूक मंदावणारच ना! आपण मात्र उष्टावणानंतरचे दिवस आठवून टार्गेट ठरवतो आणि ते गाठलं नाही की सूनबाईंची कानउघाडणी करतो.

दुसरं म्हणजे, सकाळी दोन वाट्या वरणभात खाणारं पोर रात्री चार शितांवर उठतं. १९९१ साली अमेरिकेत लीन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं खाणं मोजून पाहिलं. एका जेवणात आणि दुसऱ्या जेवणात जमीन-अस्मानाचा फरक, पण दिवसाची बेरीज बरीचशी सारखी. आमच्या भाषेत सांगायचं तर एकेक व्हाउचर बघून घाबरायचं नसतं, दिवसाअखेरची बेरीज बघायची असते.

आता त्या चमत्कारिक सवयी. घास गालात धरून अर्धा तास बसणं. अहो, पोट भरलेलं आहे, थुंकलं तर रागावणार, गिळवत नाही. मग बिचाऱ्याने करावं काय? शिवाय मागच्या दाढा पुऱ्या यायला अडीच वर्षं उजाडतात, तोवर चिवट पोळी त्याला चावायची कशाने? पोळी मोडली म्हणून आकांत, ती जोडून द्या म्हणून हट्ट. त्या वयात वस्तू अख्खी हवी असते, त्यात आईने लावलेलं 'वळण' शोधू नका. काल आवडीने खाल्लेला पालक आज फेकला, यातही नवल नाही. दीड-दोन वर्षांनंतर अनोळखी चवीला नाही म्हणायचा काळ येतो आणि पुष्कळ मुलांत तो काही वर्षं राहतो. तोच पदार्थ दहा-पंधरा वेळा पानात दिसावा लागतो, तेव्हा कुठे हात पुढे येतो. आपण दोनदा वाढतो आणि "याला भाजी आवडतच नाही" असा शिक्का मारून मोकळे होतो. पोराच्या समोर!

आपली पिढी अशी का वागते, ते मला ठाऊक आहे. साठच्या दशकात आपण रेशनच्या रांगेत उभे राहिलो, पीएल ४८० चा गहू खाल्ला. पानात टाकलं तर पाठीत धपाटा मिळे. अन्न पूर्णब्रह्म हे खरंच. पण तेव्हा वाढताना हात आखडता असे. चार भावंडं, एक पातेलं, गप्पा मारत जेवायचं, ज्याने खाल्लं त्याने खाल्लं. आज एका पोरामागे चार माणसं वाटी घेऊन धावतात. चिऊकाऊचे घास केव्हाच मागे पडले, आता मोबाइल. कार्टून लावलं की तोंड आपोआप उघडतं आणि आजी खूश, "आज सगळं संपवलं." त्याने काय खाल्लं ते त्याला ठाऊक नाही, पोट भरलं तेही ठाऊक नाही. आणि नाक दाबून, हातपाय धरून भरवणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, घास श्वासनलिकेत गेला तर काय कराल? फुटाणे-शेंगदाणे अख्खे देणाऱ्यांनीही हे ऐकावं.

त्यात आपली इंदुरी शेव! "भाजी संपव, मग शेव देते." दोन वर्षांच्या पोरालाही यातून कळतं की भाजी म्हणजे दंड आणि शेव म्हणजे बक्षीस. मग हौसेने मीठ-तिखट खाणाऱ्या पोराला वरण पचपचीत लागतं, याचा दोष पुन्हा सुनेच्या हाताला.

आणि दूध. जेवला नाही ना, मग बाटलीभर दूध. तासाभराने आणखी एक. दिवसाचं अर्ध्या लिटरच्या वर गेलं की भूक मरते, आणि दुधात लोह नावापुरतंच. असं पोर फिकं पडतं, भूक आणखी कमी होते, आणि आपण आणखी दूध पाजतो.

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी एक वाटणी सांगितली आहे, ती मला एकदम पटली. काय, केव्हा आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं, खायचं की नाही, हे मुलाने. बँकेतही अधिकार असेच वाटलेले असतात. कॅशियरच्या खिडकीत मॅनेजरने हात घातला की गोंधळ व्हायचाच.

"पण वजन?" विचारा, जरूर विचारा, पण शेजारच्या गुटगुटीत बाळ्याशी तुलना करून नको. लसीकरणाच्या कार्डावर वाढीचा तक्ता असतो. त्यामागची २००६ सालची जागतिक मापं ज्या सहा देशांतल्या मुलांवरून काढली त्यात आपल्या दिल्लीची मुलंही होती, तेव्हा 'परदेशी माप' ही सबब चालणार नाही. तक्त्यावरची रेघ खाली घसरत असेल, गिळताना दर वेळी ठसका लागत असेल, दीड वर्षानंतरही पातळच उतरत असेल, पोर माती खात असेल, तर आजीचं ऐकू नका, माझंही ऐकू नका, डॉक्टरांकडे जा.

बाकीच्यांनी आज रात्री एवढं करून बघा. सगळे एकत्र बसा, त्याच्या पानात थोडंसं वाढा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पंचवीस मिनिटं झाली की काही न बोलता ताट उचला. आजींनी त्या वेळात आपलं जेवण गरम असताना जेवून घ्यावं. आणि सूनबाईंनीही.