रेकॉर्डमधली बाई स्मशानात चालते, जिवंत बाई चालत नाही

स्पष्टच लिहिते, कारण घरात बोलून झालंय आणि घरच्यांनी दर वेळी विषय बदललाय. माझ्या अंत्ययात्रेला काय गायलं जावं आणि कोणी गावं, हे मी ठरवलंय.

आपल्या विरार-आगाशी पट्ट्यात हे सध्या कोण ठरवतं, ते आधी बघा. शववाहिनीचा ड्रायव्हर! टपावर कर्णा, आत पेनड्राइव्ह, चावी फिरवली की धून सुरू. मयत कोणाचं, त्या माणसाला काय आवडायचं, याच्याशी त्या पेनड्राइव्हला काही देणंघेणं नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या महिला भजनी मंडळातली एक गायिका गेली. चाळीस वर्षं अभंग गायलेली बाई. आम्ही अकरा जणी टाळ घेऊन गेलो. अंगणात दोन अभंग झाले, तिरडी उचलली, आम्ही मागोमाग निघालो, तर कोपऱ्यावर भावकीतल्या दोघांनी हात आडवे केले. "बायकांनी इथून परत फिरायचं." पुढे शववाहिनीचा कर्णा सुरू झाला आणि त्यातून आवाज कोणाचा, तर लताबाईंचा. तुकोबांचाच अभंग, जो आम्ही पुढे गाणार होतो.

आता मला कोणीतरी समजावून सांगा. रेकॉर्डमधल्या बाईचा आवाज स्मशानाच्या फाटकातून आत जातो, तेव्हा कोणाला विटाळ होत नाही. पण जिच्यासोबत ती चाळीस वर्षं गायली, ती मैत्रीण टाळ घेऊन आत गेली की परंपरा बुडते. ही कसली परंपरा? पेनड्राइव्ह कुठल्या पुराणात सांगितलाय?

"बायका हळव्या असतात" हे नेहमीचं उत्तर. अहो, दहाव्याला, तेराव्याला, वर्षश्राद्धाला आम्हालाच भजनाला बोलावता ना? समोर हार घातलेला फोटो, बाजूला रडणारं घर, आणि आम्ही दोन-दोन तास गातो. तेव्हा आमचा हळवेपणा कुठे जातो? शिवाय 2014 साली परळीत गोपीनाथ मुंडेंच्या चितेला अग्नी त्यांच्या मुलीने, पंकजा मुंडेंनी दिला. सगळ्या महाराष्ट्राने तो टीव्हीवर पाहिला. नेत्याच्या घरी चालतं ते आपल्या गल्लीत का अडतं?

वारकऱ्यांचंच बोलायचं तर 1296 साली आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, त्या प्रसंगाचे नामदेवांचे अभंग आजही गायले जातात. त्यात मुक्ताबाई आहे. तिला कोणी कोपऱ्यावरून परत पाठवलेलं मी तरी वाचलेलं नाही.

आणि इतक्या लांब कशाला, नंदाखालला जा. आमच्या शेजारची मावशी गेली तेव्हा मी तिथल्या चर्चमध्ये होते. मराठीतली गाणी, आणि निम्म्याहून जास्त आवाज बायकांचे. मग त्याच बायका दफनाला शेवटची मूठभर माती पडेपर्यंत उभ्या. एकाच गावातली, एकाच विहिरीचं पाणी प्यायलेली आपण माणसं!

त्यांच्याकडेही हे सगळं आपोआप झालेलं नाही, बरं का. शोपँ नावाचा पोलंडचा मोठा पियानोवादक 1849 साली पॅरिसमध्ये वारला. आपल्या अंत्यविधीला मोझार्टचं 'रिक्विएम' व्हावं, ही त्याची इच्छा. त्याला बायकांचे आवाज लागतात आणि त्या चर्चमध्ये बायकांना गायला बंदी. अंत्यविधी जवळजवळ दोन आठवडे लांबला. शेवटी परवानगी मिळाली, बायका काळ्या पडद्यामागून गायल्या. मेलेल्या माणसाची इच्छा म्हणून चर्चने नियम वाकवला. आमच्या भावकीला आपला हातसुद्धा बाजूला घेववत नाही.

एक मान्य करते. विरारच्या टॉवरांत पंधराव्या मजल्यावरून मयत खाली येतं तेव्हा खांदा द्यायला चार माणसं मिळणं कठीण, भजनी कुठून आणणार? अर्धी सोसायटी चर्चगेट लोकलमध्ये लटकलेली असते. तिथे कर्ण्याचा आधार वाटत असेल तर वाटू दे. माझं भांडण कर्ण्याशी नाही, गाणारी माणसं दारात उभी असताना त्यांना हाकलून कर्णा लावण्याशी आहे.

म्हणून मी लिहून ठेवलंय. मृत्युपत्रात नाही, ते बहुतेक घरांत तेरावं झाल्यावर उघडतात, तोवर काय उपयोग? साधा कागद, खाली सही. गाडीचा कर्णा बंद. आमचं मंडळ घरापासून चितेपर्यंत सोबत. आधी नामाचा गजर, मग रूपाचा अभंग, मग गौळण. हो, गौळणच! सून म्हणाली, "आई, मयताला गौळण कोण म्हणतं?" मी म्हटलं, 22 वर्षं पेटीवर सगळ्यात जास्त रमले ते गौळणीत, मग शेवटच्या दिवशी काय गंभीर तोंड करून जाऊ? अग्नी दिल्यावर भैरवी, तीही पूर्ण. पावसाची सर आली म्हणून दोन कडव्यांत आटपायची नाही.

कोणी कोपऱ्यावर हात आडवे केलेच, तर माझ्या मुलाने तिथेच तिरडी खाली ठेवायची आणि बायका पुढे झाल्याशिवाय उचलायची नाही. हेही लिहिलंय. तो अजून हो म्हणालेला नाही.

कागदाची एक प्रत आधारकार्डाच्या पाकिटात आहे, एक सुनेकडे, एक पेटीच्या खोक्यात. आणि टाळ मंडळाचे आहेत, ते मोजून परत आणा.